मला जवळचं हवं होतं

मोतीबिंदूचं ऑपरेशन आता काही विशेष राहिलेलं नाही, असं तुम्हाला सगळे सांगतील. सकाळी जायचं, दुपारी घरी यायचं, संध्याकाळी टीव्ही बघायचा. त्यांचं काही चुकत नाही. माझ्या आईच्या वेळी डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तिला आठ दिवस उताणं निजवलं होतं. माझं ऑपरेशन चार माणसांच्या पोळ्या लाटून होईपर्यंत संपलं. तरी मी लिहायला बसले, कारण ऑपरेशनच्या आधी एक साधा प्रश्न विचारतात आणि त्याचं उत्तर ज्याचा डोळा त्यानेच द्यायचं असतं. माझं उत्तर दुसऱ्याच माणसाने देऊन टाकलं होतं. ते मला कळलं तेव्हा माझ्या डोक्यावर हिरवी टोपी चढलेली होती.

माझे डोळे

मी सुमन, वय बासष्ट. माहेर मिरजेचं, पण लग्न झाल्यापासून चेन्नईत, आवडी नावाच्या उपनगरात. आमचे हे इथल्या सरकारी कारखान्यात होते. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला.

मला शाळेपासून जाड चष्मा. वाढत वाढत तो उणे नऊवर गेला. चष्मा काढला की समोर माणूस आहे एवढंच कळतं, कोण आहे ते नाही. एकदा अशीच बिनचष्म्याची दार उघडून मी कुरिअरवाल्याला म्हटलं होतं, “आधी हातपाय धुवा, पानं घेतलीयेत.” मराठी कळत नसल्यामुळे तो बिचारा पार्सल ठेवून पळाला. हा किस्सा ह्यांनी सगळ्या बिल्डिंगला सांगितला, सांगताना स्वतःच हसायचे.

पण तोच चष्मा काढून एखादी वस्तू नाकाशी, अर्ध्या वितीवर धरली, की मला जे दिसतं ते चांगल्या नजरेच्या माणसाला भिंग घेऊनही दिसत नाही. रेशमाचा एकेक धागा सुटा दिसतो. ह्या एका गोष्टीच्या जोरावर मी तीस वर्षं काम केलं. मी साड्यांना रफू करते.

मिरजेला आमच्या गल्लीत एक रफूगार चाचा बसायचे, त्यांच्याजवळ बसून शिकले. आवडीला आल्यावर क्वार्टरमधल्या शेजारणीची कांजीवरम खिळ्याला अडकून फाटली. दुकानदाराने हात झटकले. मी त्या साडीच्याच आतल्या टोकाचे धागे काढले आणि उभे-आडवे विणून भोक बुजवलं. तेव्हापासून बायका येतात. आवडीच्या, अंबत्तूरच्या, एक तर गिंडीहून दोन बस बदलून येते. उंदराने कुरतडलेली, उदबत्तीने जळलेली, पिनेने फाटलेली, सगळ्या साड्या माझ्याकडे. आमचे हे ह्याला ‘तिचा टाइमपास’ म्हणायचे.

सरोजाबाईंची साडी

सरोजाबाई आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. शाळेत शिक्षिका होत्या. त्या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, त्यांची मराठी कितीतरी पिढ्या तमिळमध्ये मुरलेली. हेल सगळा तमिळ, मध्येच एखादा शब्द असा जुना की मला पणजीची आठवण व्हावी. त्यांनी त्यांच्या आईची साडी रफूला दिली होती. रेशीम इतकं जुनं की आतल्या टोकाचा धागा ओढला की तुटायचा. म्हणून मी माझ्या डब्यातला धागा घेतला, खिडकीत उजेडाला धरून रंग जुळवला आणि रफू करून दिलं.

महिन्याभराने त्या साडी घेऊन वर आल्या. अर्धा तास कॉफी पावडर आणि पाण्याच्या टँकरबद्दल बोलल्या. पिशवी मांडीवरच. शेवटी म्हणाल्या, “सुमन, तू रागावू नको. हे रफू पाहा.”

“पाहिलं की. सुटलं का कुठे?”

“सुटलं नाही. रंग पाहा.”

“रंगाचं काय?”

“साडी कत्तरिप्पू. रफू अरक्कू.”

इथल्या साडीच्या दुकानांत रंग असेच सांगतात. कत्तरिप्पू म्हणजे वांग्याच्या फुलाचा जांभळा, अरक्कू म्हणजे लाखेचा तांबूस तपकिरी. मी साडी नाकाशी धरली. खिडकीत नेली. गॅलरीत नेली. मला सगळीकडे एकच रंग दिसत होता. खरं सांगते, मला वाटलं बाईंचेच डोळे गेले. मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी साडी हातातही घेतली नाही. लांबूनच म्हणाले, “हे काय, ठिगळ दिसतंय.”

रफूवाल्याला ह्यापेक्षा वाईट शब्द नाही. सरोजाबाई म्हणाल्या, “राहू दे, मी तो भाग निऱ्यांत घालीन,” आणि साडी घेऊन गेल्या. मला त्यांच्या समजूतदारपणाचाच जास्त राग आला. त्या दिवशी मी जेवले नाही.

चहाच्या रंगाची काच

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण मुलगी होती. मशीनमध्ये डोकावून म्हणाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात जास्त आणि तो तपकिरी होत चाललाय. “तुम्ही चहाच्या रंगाच्या काचेतून बघताय असं समजा. निळा, जांभळा ती काच आतच येऊ देत नाही. हळूहळू होतं, म्हणून माणसाला कळत नाही.”

“कधीपासून असेल?”

“दोन-तीन वर्षं तरी.”

आंधळी होण्याची भीती मला तेव्हा वाटलीच नाही. मी मनात साड्या मोजायला लागले. दोन-तीन वर्षांत डब्यातला धागा वापरून किती साड्या दिल्या? कोणाकोणाला? त्या बायकांनी माझं ठिगळ निऱ्यांत लपवलं आणि मला काही बोलल्या नाहीत, असं तर नाही?

तेवढ्यात डॉक्टरने विचारलं, “अम्मा काय करतात?” माझी हनुवटी मशीनवर टेकलेली आणि कपाळ पट्टीला. मागून ह्यांनी सांगितलं, “हाउसवाइफ.” मी काही बोलले नाही. हनुवटी अडकली होती हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. रेशनकार्डापासून बँकेपर्यंत इतकी वर्षं मीही तेच लिहीत आले होते.

मग मला डोळ्याचं माप घ्यायला अंधाऱ्या खोलीत नेलं आणि ह्यांना टेबलावर सह्यांसाठी बोलावलं. आमच्या घरात कागदपत्रं हे ह्यांचं खातं. माझं तमिळ भाजीबाजाराचं, ह्यांचं ऑफिसचं. बाहेर आल्यावर मी विचारलं, “झालं का सगळं?” हे म्हणाले, “झालं, सगळं भरलं.” मी पुढे विचारलं नाही. माझी चूक मोजायची तर ती इथे मोजा.

हिरवी टोपी

ऑपरेशनच्या सकाळी साध्या गोष्टी असतात. डोकं आदल्या दिवशी धुवायचं, कुंकू लावायचं नाही, बांगड्या काढून द्यायच्या. उजव्या भुवईवर चिकटपट्टी लावतात, कुठला डोळा ते चुकू नये म्हणून. चष्मा काढून घेतात. आत एका खोलीत ओळीने खुर्च्या, आम्ही सगळे हिरव्या झग्यात, हिरव्या टोपीत. मला तर नुसते हिरवे ठिपके दिसत होते. एक सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन उजव्या डोळ्यात थेंब घालायची. भीती वाटते. हात गार पडतात. देवाचं नाव घेता येत असेल तर घ्या. मला काही आठवेना, मी भाज्यांची नावं घेतली.

शेजारच्या ठिपक्याने खोकून विचारलं, पहिला डोळा का? तो एन्नोरचा एक म्हातारा कोळी होता, दुसऱ्या डोळ्यासाठी आलेला. म्हणाला, अजिबात दुखत नाही, अम्मा. आता किनाऱ्यावरून मला कुठली बोट कोणाची ते दिसतं. मग हळूच म्हणाला, “पण जाळं विणता येत नाही. हाताजवळचं सगळं पुसट. चष्मा लावून बघतो, गाठ सापडत नाही. आता जाळं सून विणते.”

मी ताठ बसले. “असं का झालं?”

“लांबचं भिंग घेतलं ना. डोळ्यात बसवतात ते जवळचं हवं की लांबचं, विचारतात. मी लांबचं म्हटलं. बोटी बघायच्या होत्या. तुम्हाला विचारलं असेल की.”

मला कोणी विचारलं नव्हतं.

सिस्टर थेंब घालायला आली तशी मी तिचा हात धरला. माझ्या भाजीबाजारी तमिळमध्ये विचारलं, माझं काय लिहिलंय, जवळ की लांब? ती म्हणाली, “एल्लारुक्कुम दूरम् तान्, अम्मा.” सगळ्यांना लांबचंच असतं. मी म्हटलं, कागद दाखव. ती म्हणाली, दिसणार नाही तुम्हाला, चष्मा नाहीये. मी म्हटलं, तू दे तर खरं.

डाव्या डोळ्यात थेंब घातलेले नव्हते. तो कागद मी नाकाशी, अर्ध्या वितीवर धरला आणि इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचली. नाव बरोबर. वय बरोबर. व्यवसाय, हाउसवाइफ. दृष्टी कशी हवी, तिथे ‘लांब’च्या चौकटीत खूण. खाली ह्यांची सही, कारखान्यातल्या हजेरीपत्रकावर करायचे तशी ऐटदार.

मी उठून उभी राहिले. सिस्टर म्हणाली, पुढचा नंबर तुमचाच आहे, बसा. मी म्हटलं, डॉक्टर आल्याशिवाय मी आत येणार नाही. आयुष्यात मी कधी कुठली रांग अडवली नव्हती. मागच्या खुर्चीवरून कोणीतरी पुटपुटलं. एन्नोरच्या म्हाताऱ्याने त्याला गप्प केलं.

डॉक्टर आली, मास्क लावूनच. घाईत होती, पण रागावली नाही. म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, मी हाउसवाइफ नाही. म्हणजे आहे, पण मी तीस वर्षं रेशमी साड्या रफू करते. मला बोट दिसली नाही तरी चालेल, मला धागा दिसायला हवा.

“कसं करता, दाखवा.”

मी झग्याची किनार उचलून नाकाशी धरली आणि रिकाम्या बोटांनी सुई चालवून दाखवली. उभे धागे, मग आडवे, एकाखालून, एकावरून. मग तिने आपला पंजा माझ्या नाकापासून झग्यापर्यंत लावून बघितला.

“इतक्या जवळचं मी देऊ शकत नाही, अम्मा. एवढं,” आणि तिने माझे हात धरून मागे नेले, वीत-दीड वीत, “एवढ्यावर दिसेल. पहिल्यासारखं मोठं नाही दिसणार. आणि लांबचा चष्मा जन्मभर राहील.”

“राहू दे.”

“मिस्टरांना विचारायचं का? बाहेर आहेत ना?”

“डोळा माझा आहे,” मी म्हटलं. आवाज बराच मोठा निघाला.

तिने मापाचा कागद मागवला आणि दुसऱ्या नंबरचं भिंग काढायला सांगितलं. नवीन फॉर्मवर मी स्वतः सही केली, नाकाशी धरून.

ऑपरेशनबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. डोळा मिटता येत नाही, पण मिटावासाही वाटत नाही. वर प्रखर उजेड, त्यात रंग हलतात, गालावरून पाणी ओघळतं, आणि डॉक्टर ‘छान, छान’ म्हणत असते. दुखलं नाही. फक्त एक विचार छळत होता, की मी आता केलं ते अक्कल होती की नुसता हट्ट.

अबोला आणि थेंब

बाहेर हे थर्मासमधली कॉफी घेऊन उभे होते. टॅक्सीत बसल्यावर मी सांगितलं, “लांबचं बदलून जवळचं घेतलं.”

“म्हणजे चष्मा राहणार?”

“राहणार.”

“आणि मी काय मूर्ख म्हणून लांबचं लिहिलं होतं?”

“मला विचारायचं होतं.”

“सगळे लांबचंच घेतात. उरलेलं आयुष्य बिनचष्म्याने जावं म्हणून लिहिलं. तुझ्या टाइमपाससाठी...” एवढं बोलून हे थांबले, पण बोलून झालं होतं. मी आवडी येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. उजव्या डोळ्यावर चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या वाटीखालून मला खिडकी दिसत नव्हती ते वेगळं.

अबोला धरला. पण मोतीबिंदूत अबोलाही नीट धरता येत नाही, कारण थेंब. दिवसातून सहा वेळा, दोन प्रकारचे, मध्ये पाच मिनिटं सोडून. मला स्वतःला घालता येईनात. ह्यांच्या मोबाइलचा गजर वाजला की मी खुर्चीत मान मागे टाकून बसायची, हे साबणाने हात धुऊन यायचे, खालची पापणी ओढायचे, थेंब टाकायचे आणि पाच मिनिटं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बाजूला उभे राहायचे. एक अक्षर नाही. एकही वेळ चुकली नाही.

पाचव्या दिवशी दुपारचा थेंब टाकून झाल्यावर, माझी मान अजून वरच होती, तेव्हा हे म्हणाले, “तो कुरिअरवाला आठवतोय?”

मी हं केलं.

“मी सगळ्यांना हसून सांगितलं खरं. पण मला त्या दिवशी भीती वाटली होती. उद्या मी नसलो, तर दारात कोण आलंय ते तरी तुला दिसायला हवं की नको? तू चष्मा शोधणार, तोवर कोणीही आत येईल. म्हणून लिहिलं लांबचं.”

मला खूप रडू आलं. आणि रडायचं नसतं, डॉक्टरने बजावलेलं. हे घाबरून म्हणाले, “अगं, थेंब वाहून जातील.” मग तो थेंब पुन्हा घातला.

धाग्यांचा डबा

पंधरा दिवस सुई धरायची नव्हती. जुना चष्मा जमेना, म्हणून चष्मेवाल्याने त्याची उजवी काच काढून दिली. एका काचेचा चष्मा लावून मी घरभर फिरायची. बघणाऱ्याला गंमत वाटते, आपल्याला डोकं दुखतं. महिनाभर हे असंच चालतं, घाबरू नका.

सोळाव्या दिवशी मी चष्मा काढला, डावा डोळा हाताने झाकला आणि धाग्यांचा डबा उघडला. तपकिरीच्या कप्प्यात जांभळ्या लड्या. काळ्यात निळ्या. सगळा डबा मीच लावलेला, आणि सगळा चुकलेला. मी तो जमिनीवर ओतला आणि नव्याने लावला. जांभळा रंग इतका जांभळा असतो हे मी विसरूनच गेले होते.

मग खाली जाऊन सरोजाबाईंकडे साडी मागितली. त्या नको नको म्हणत होत्या. मी म्हटलं, द्या हो, त्याशिवाय माझ्या जिवाला चैन नाही. वर आणून पलंगावर उलगडली, दाराशी मागे गेले आणि तिथूनच मला ते ठिगळ दिसलं. लांबचं न दिसणाऱ्या मला.

उसवायला एक दिवस गेला. जुनं रेशीम, ओढून चालत नाही. मग नवा धागा. पहिल्यांदा सवयीने कापड नाकाशी नेलं तर सगळं पुसट. धडकी भरली. मग डॉक्टरने धरले होते तसे हात मागे नेले, वीत, वीत आणि चार बोटं, आणि धागा आला. पहिल्याइतका मोठा नाही. पण सुटा, एकेक. पूर्वी जे काम दुपारभरात व्हायचं त्याला चार दिवस लागले. मान दुखली. दोनदा उसवलं. पण झालं.

सरोजाबाई चष्मा लावून साडी उलटसुलट करत बसल्या. “कुठे होतं गे?” मी सांगितलं नाही. हे उठून आले, त्यांनी साडी दिव्याखाली धरली, बोट फिरवलं, पुन्हा धरली. नाही सापडलं. साडीची घडी ह्यांनीच घातली, वाईट घातली, आणि आत गेले.

त्या दोन-तीन वर्षांतल्या ज्या ज्या बायका आठवल्या त्या सगळ्यांना मी फोन केले. सात साड्या परत आल्या आहेत. एकेक करते आहे.

दुसरा फॉर्म

दीड महिन्याने डाव्या डोळ्याची तारीख ठरली. डॉक्टर म्हणाली, हा डोळाही जवळचा करता येईल, किंवा एक जवळचा आणि एक लांबचा असंही पुष्कळजण करतात. सुरुवातीला विचित्र वाटतं, मग मेंदू जुळवून घेतो. घरी विचार करून सांगा.



ठरल्या दिवशी टेबलावर पुन्हा तोच फॉर्म आला. ह्यांनी सवयीने खिशातलं पेन काढलं आणि मोठ्या अक्षरांत भरायला घेतला. माझं नाव, वय, पत्ता. मग थांबले. थोडं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. उरलेला फॉर्म कोरा ठेवून कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं आणि दुसरीकडे बघत बसले.

मी एका काचेचा चष्मा काढला आणि कागद दीड वितीवर धरला. व्यवसाय ह्या शब्दापुढे लिहिलं होतं, रेशमी साड्यांचं रफूकाम, तीस वर्षं.

खाली दोन रिकाम्या चौकटी होत्या. मी लांबच्या चौकटीत खूण केली आणि सही केली. दारात कोण आलंय ते एका डोळ्याला तरी दिसायला हवं.